नऊवारीला हूक, मोराला टाके

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या आळंदीत माणसांची लग्नं सुरू होतात. इथं गल्लीगल्लीत मंगल कार्यालयं. एका दिवसात एकाच रस्त्यावर चार वराती आणि त्यातूनच वाट काढत जाणारी एखादी दिंडी, हे दृश्य आम्हाला नवीन नाही. गेल्या मोसमातली गोष्ट. सकाळी साडेसातला दुकानाचं शटर अर्धं वर केलं, तोच तीन मुली वाकून आत शिरल्या. दोघींच्या हातात पिशव्या आणि तिसरीच्या हातावर मेंदी, तीही अजून नीट न वाळलेली.

"काकू, नऊवारी मिळेल का भाड्यानं? अकराचं लग्न आहे."

"किती तारखेचं?"

"आजचंच!"

आळंदीकरांना यात आश्चर्य वाटत नाही. कुठून आलात, घरी माहीत आहे का, असलं मी विचारत नाही. ते विचारणारे पुढं पुष्कळ भेटतात. मी फक्त कंबरेकडे नजर टाकली आणि रॅकमधून हिरवी, लाल काठाची शिवलेली नऊवारी काढली. सलवारीसारखे पाय घालायचे, नाडी बांधायची, हूक लावायचा, पदर खांद्यावर घेऊन पिना टोचायच्या. दहा मिनिटांत नवरी तयार! मैत्रिणींनी मोबाइल काढले. ती मात्र आरशासमोर उभी राहून कंबरेवरचा हूक बोटानं चाचपत होती. मग हळूच म्हणाली, "काकू, ही खरी नऊवारीच ना? म्हणजे... नेसलेली नाही, नुसती घातलेली आहे. चालते ना लग्नाला?"

"चालते गं," मी म्हटलं. ती गेली. प्रश्न मात्र दुकानातच राहिला.

कारण हाच प्रश्न आमच्या घरात गेली पंधरा वर्षं चालू आहे. माझे सासरे शिंपीकाम करत. वारकरी विद्यार्थ्यांचे नेहरू शर्ट, म्हाताऱ्या माळकऱ्यांच्या बंड्या, टोप्या आणि पालखीच्या आधी भगव्या पताका. पायाच्या मशिनवर सगळं चाले. फॅशन हा शब्द त्यांनी दुकानात कधी उच्चारला नसेल. मी लग्न होऊन आले ती ब्लाउज शिवायला शिकलेली. पुढं शिवलेल्या नऊवारीची टूम आली आणि मी त्यात पडले. सासूबाईंनी जन्मभर लुगडंच नेसलं आहे. पहिली नऊवारी मी शिवली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "लुगडं नेसायचं असतं. घालायची ती चोळी. हा लेंगा झाला!"

मैत्रिणींनो, ज्यांनी ही साडी कधी शिवून पाहिली नाही त्यांना हा लेंगा किती अवघड असतो ते सांगते. मापं सहा लागतात. कंबर, सीट, मांडी, आसन, कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची आणि खांद्यावरून पाठीमागे सोडायच्या पदराची लांबी. पायाचे दोन भाग वेगळे, पुढच्या निऱ्या वेगळ्या, मागचा काष्टा वेगळा. काष्ट्याचा काठ पाठीमागे बरोबर मधोमध खाली आला पाहिजे. एक बोटभर सरकला तरी बाई वाकडी चालते आहे असं दिसतं. पेशवाई, मस्तानी, शाही मस्तानी, लावणीची... गिऱ्हाइकं नावं घेऊन मागतात आणि दर दोन वर्षांनी एखादं नवीन नाव निघतं. हल्ली तर सहावारीतूनही नऊवारी काढून देतो. आतल्या भागात जिथं दिसत नाही तिथं दुसरं कापड लावायचं, एवढीच त्यातली युक्ती.

पण एक गोष्ट आजही जड जाते. आईची पैठणी घेऊन मुलगी येते आणि म्हणते, "काकू, कापा." कात्री हातात घेतली की हात थांबतोच. एकदा कापली की ती साडी पुढच्या पिढीला नेसता येणार नाही. म्हणून आईच्या, आजीच्या साड्या मी कापत नाही. चुण्या घालून, आतून धावदोरा टाकून शिवते. लग्न झालं की उसवून घडी घालून ठेवा, साडी जशीच्या तशी! याला वेळ दुप्पट लागतो आणि पैसे मात्र तेवढेच मिळतात.

साडीला हूक लावणं हे काही माझं डोकं नाही. ही कल्पना फार आधीची आणि ती लोकप्रिय करणारी बाई आपल्या कोल्हापूरची. १९६८ सालच्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात मुमताज शम्मी कपूरबरोबर नाचते, ती नारिंगी साडी आठवते? पुष्कळजणींच्या आयांनी तशी साडी नेसून फोटो काढले असतील. ती साडी भानू अथैया यांनी केलेली. नाचताना निऱ्या सुटू नयेत, साडी अंगाबरोबर फिरावी, म्हणून त्यांनी ती चक्क शिवली आणि तिला चेन लावली. साडीला चेन! त्या काळात हे ऐकून किती सासवांनी नाकं मुरडली असतील!

भानू अथैया मूळच्या राजोपाध्ये. १९२९ चा कोल्हापुरातला जन्म, वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटांचे कपडे करायला लागल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. भारतात आलेलं ते पहिलं ऑस्कर, आणि ते आलं कपड्यांसाठी, हे आपण विसरतो. पुढं 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपल्यामागं ऑस्करची बाहुली नीट राहावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती अकादमीकडेच परत ठेवायला दिली. २०२० मध्ये त्या गेल्या. मला त्यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी मुमताजच्या चेनला जेवढं डोकं लावलं, तेवढंच 'गांधी'तल्या साध्या खादीच्या पंचाला आणि 'लगान'मधल्या गावकऱ्यांच्या मळलेल्या कपड्यांना लावलं. चमकणारं तेवढंच डिझाइन, असं त्यांनी कधी मानलं नाही.

सासूबाईंना मी ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "ती नटी. तिला नाचायचं होतं." त्यांच्याशी वाद घालून जिंकायचं नसतं.

नऊवारी मार्गी लागली आणि मग आला ब्लाउजचा जमाना. साडी हजाराची असली तरी ब्लाउज पाच हजारांचा हवा, हा नवा हिशेब. पाठीवर मोर, बाहीवर पालखी, नवरा-नवरीची नावं, काय वाटेल ते! हे सगळं आरीवर्क. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं. बटर पेपरवर नक्षी काढून तिला सुईनं भोकं पाडायची आणि घासलेटात कालवलेली पांढरी पावडर वरून फिरवून छापा उठवायचा. मग आरीची सुई. या सुईच्या टोकाला बारीक आकडा असतो. वरून कापडात खुपसायची, खालून दोरा आकड्यात पकडून वर ओढायचा. साखळीसारखा टाका पडत जातो. मोती, कटदाणे, जरदोसी त्यातच ओवून बसवतात. माझ्याकडे तीन बायका हे काम करायच्या. एक केळगावची, एक चऱ्होलीची आणि तिसरी धानोऱ्याची वहिनी. ही वहिनी सगळ्यांत तरबेज. मोराच्या गळ्याचा निळा ती तीन छटांत असा उतरवायची की बघणारीनं बोट लावून पाहावं. भारी काम असलं की एका पाठीला तीन-तीन दिवस लागत.

लग्नाच्या मोसमात तीन दिवस कुठून आणायचे? गिऱ्हाइकं परत जायला लागली. शेवटी बँकेचं कर्ज काढून कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशिन घेतलं. एका डोक्याचं, बारा सुयांचं. आमचे हे म्हणाले, "घराचा हप्ता, मशिनचा हप्ता, आता आपण हप्त्यांचंच दुकान काढू." पण मशिन आलं. पेढे वाटले, सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं.

मला वाटलं होतं की चित्र टाकलं की मशिन आपोआप भरतं. छे! आधी ते चित्र कॉम्प्युटरवर टाक्यांत रूपांतरित करावं लागतं. याला डिजिटायझिंग म्हणतात. कुठला भाग आधी, कुठला नंतर, टाका आडवा की तिरपा, किती दाट, दोरा कुठं तोडायचा, सगळं आपणच ठरवायचं. मग त्याची फाइल होते. बहुतेक मशिनं वाचतात तिला डीएसटी म्हणतात. जपानच्या ताजिमा कंपनीनं आपल्या मशिनांसाठी काढलेली ही पद्धत आता जगभर चालते. मी महिनाभर रोज पुण्याला जाऊन शिकले आणि पहिला मोर मोठ्या हौसेनं भरला. कॉम्प्युटरवर डोळा अगदी गोल होता, कापडावर आला उभट! मोर झोपेतून उठल्यासारखा दिसायला लागला. तीनदा केलं, तीनदा तसंच. मग शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की दोरा ताणला जातो, आणि टाका ज्या दिशेला असतो त्या दिशेनं कापड आत ओढतो. म्हणून आकार त्या दिशेला मुद्दाम थोडा रुंद काढायचा. गोल हवा असेल तर पडद्यावर चपटा काढा! मागे कडक कागद लावा, आधी विरळ टाक्यांचा पाया घाला, मग वरचा दाट थर. जरीचा दोरा असेल तर वेग कमी ठेवा, नाहीतर तुटतच राहतो.

हे ऐकताना मला धानोऱ्याच्या वहिनीची आठवण झाली. ती तर हे कुणी न सांगता करायची. ताण बघून तिचं बोट आपोआप सैल व्हायचं.

मशिन मिनिटाला सातशे टाके घालतं. चाळीस हजार टाक्यांची पाठ तासा-सव्वा तासात बाहेर. कामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो. हिशेब सरळ होता आणि तो त्या तिघींच्या विरुद्ध होता. मी कुणालाही 'येऊ नकोस' म्हटलं नाही, पण कामच कमी होत गेलं. आधी आठवड्याला चार पाठी, मग दोन, मग "पुढच्या आठवड्यात फोन करते." केळगावच्या ताईनं घरीच क्लास सुरू केला. चऱ्होलीची सासरच्या किराणा दुकानात बसायला लागली. धानोऱ्याची वहिनी चाकणच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी सहाला बस, उभ्याचं काम. एकदा बाजारात भेटली. मी म्हटलं, "वहिनी, बरं आहे ना?" तर हसून म्हणाली, "बरं आहे की. पगार एक तारखेला होतो. तुमच्याकडे कधी व्हायचा?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

त्याच सुमारास पुतणीनं एक गोष्ट सांगितली. ती पुण्याला फॅशन डिझाइन शिकते. शिवणयंत्राचा इतिहास त्यांना अभ्यासाला आहे. १८३० मध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्यानं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राचा टाका कसला होता, तर साखळीचा! आणि सुईला पुढं आकडा! त्याच्या भागात बायका गोल चौकटीवर आकड्याच्या सुईनं भरतकाम करायच्या, ते बघूनच त्याला ही युक्ती सुचली. आणि युरोपात ते भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून, म्हणजे भारत-चीनकडून गेलं असं मानतात. म्हणजे बघा, आपली आरीची सुई तिकडं गेली, तिचं यंत्र झालं आणि आता ते कर्जाच्या हप्त्यावर माझ्या दुकानात परत आलं!

त्या तिमोनिएचं पुढं काय झालं तेही ऐका. पॅरिसमध्ये त्यानं सैनिकांचे गणवेश शिवायला ऐंशी यंत्रांचा कारखाना घातला. १८३१ मध्ये पोट जाईल या भीतीनं शिंप्यांनी तो फोडला. पुतणी म्हणाली, "काकू, तुझ्या बायकांनी निदान मशिन तरी फोडलं नाही." आम्ही दोघी हसलो. नंतर मला हसू आलं नाही.

कपड्यांत नवीन यंत्र आलं की हे असंच होत आलं आहे. पैठणीचंच बघा. अस्सल पैठणीतला मोर विणकर हातानं, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या घेऊन, एकेक धागा गुंफून काढतो. म्हणून ती सुलट आणि उलट सारखीच दिसते. दुसरीकडे जॅकार्ड. १८०४ च्या सुमाराला लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. कॉम्प्युटरच्या आधीचा कॉम्प्युटरच म्हणा ना! चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली. जॅकार्डवर विणलेली साडी स्वस्त पडते, वाईटही नसते. पण ती हातविणीची म्हणून विकली तर फसवणूक. दुकानात बसून काठ उलटा करा. मागं मोकळे धागे लोंबत असतील किंवा कापून टाकलेले दिसत असतील तर जॅकार्ड समजा आणि तेवढेच पैसे द्या. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आयांना हे माहीत नसतं. काहीजणींना मी सांगते. काहीजणी इतक्या आनंदात असतात की सांगवत नाही.

आता जरा सादरीकरणाबद्दल, कारण हल्ली कपडा शिवून भागत नाही, तो दाखवावाही लागतो. परदेशात यासाठी काय काय करतात! १९९८ मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन यांनी लंडनच्या शोमध्ये पांढऱ्या झग्यातली मॉडेल फिरत्या पाटावर उभी केली आणि दोन यंत्रमानवांनी तिच्या झग्यावर रंग फवारला. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या इरिस व्हॅन हर्पेन यांनी सुईदोऱ्याशिवाय थ्रीडी प्रिंटरनं छापलेला पोशाख दाखवला. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसमध्ये कोपर्नी या ब्रँडनं बेला हदीदच्या अंगावर पांढरा द्रव फवारून सगळ्यांसमोर काही मिनिटांत झगा तयार केला. ती फवारणी मानेल टोरेस या संशोधकाची. मला सर्वांत भावला तो अनिफा म्वुएम्बा या कांगोच्या वंशाच्या मुलीचा प्रयोग. मे २०२०, सगळं जग घरात कोंडलेलं. तिनं मॉडेलच घेतली नाही. कॉम्प्युटरवर कपडे केले आणि इन्स्टाग्रामवर ते कपडे कुणाच्याही अंगाशिवाय, आपले आपण चालत आले! आणि मध्य प्रदेशातल्या विदिशासारख्या गावातून मुंबईत येऊन हातमागावर काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या उच्च फॅशनच्या आठवड्यात पोचल्या. तिथं कपडे मांडणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आपल्याकडे मात्र ही हौस फार जुनी. बालगंधर्व रंगमंचावर जे शालू नेसत, जसा अंबाडा घालत, जसे दागिने घालत, तसंच घरोघरच्या बायका करायच्या असं आमच्या आजेसासूबाई सांगत. मॉडेल पुरुष, पाहणाऱ्या बायका, आणि नाटकाचा पडदा हाच रॅम्प! २०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा नीता लुल्ला यांना त्याच्या वेशभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि राजा रविवर्मा? त्यांचा छापखाना काही काळ मळवलीला होता, म्हणजे आमच्याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या साड्या छापील चित्रांतून घरोघर गेल्या. हौशी बायका त्या चित्रांवर खरी जर, टिकल्या आणि कापड चिकटवून देवीला साडी नेसवत. चित्राचं तंत्र बाहेरचं, नटवणं आपलं.

माझं सादरीकरण म्हणजे मोबाइलवर रील. पुतणीनं हट्ट धरला, "काकू, आपल्या नऊवारीचं शूट घाटावर करू." पहाटे घाटावर गेलो. दिवे, मागं देऊळ, मुलगी पायऱ्या उतरते आहे, काष्टा छान फुललेला. आणि नदीवर पांढरा फेस. जणू कुणी कपडे धुऊन पाणी सोडलं आहे. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, नदी फ्रेमच्या बाहेर ठेवू." ठेवली. रील पुष्कळांनी पाहिली, सात ऑर्डरी आल्या. इंद्रायणीकाठचं दुकान आणि जाहिरातीत इंद्रायणीच नाही, हे मला अजून टोचतं. कपडा रंगवणं, धुणं यालाही किती पाणी लागतं आणि ते पुढं कुठं जातं, हे आम्ही शिवणाऱ्यांनी कधी विचारलेलं नाही. एक मात्र केलं. रोजच्या छापील ब्लाउजपिसांसाठी आता डिजिटल छपाईवाला धरला आहे. तिथं शाई लागेल तेवढीच फवारली जाते, साचे धुवायचं पाणी वाचतं. नदी त्यानं स्वच्छ होत नाही, हे मलाही कळतं.

त्याच रीलमध्ये एक शेरा आला होता. "मोर छान आहे, पण जिवंत नाही." नाव बघितलं तर ओळखीचं नव्हतं. मशिनचा मोर होता तो. टाके चाळीस हजार, चूक एक नाही. मी दोन दिवस तो मोर बघत होते. खरंच, सगळे निळे सारखेच निळे होते.

तेव्हा मी धानोऱ्याला गेले. वहिनीची साप्ताहिक सुट्टी होती. मी म्हटलं, "पूर्ण पाठ नको भरू. पिसारा मशिन भरेल. गळा, डोळा आणि तुरा तू भर. एका पाठीला अर्धा दिवस. पैसे मात्र टाक्यांवर नाही, पाठीमागे ठरवून, आणि महिन्याच्या एक तारखेला." ती लगेच हो म्हणाली नाही. चहा ठेवला, दूध उतू जाऊ दिलं नाही, मग म्हणाली, "मशिन माझ्या आधी भरणार का नंतर?" मी म्हटलं, "आधी." तर म्हणाली, "मग मला फाइल दाखवा. मी सांगते तुरा कुठं मोकळा सोडायचा ते."

आता ती दर सुट्टीला येते. कंपनी सोडलेली नाही, सोडू नकोस असं मीच सांगितलं. कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत, माझ्या शब्दावर तिनं नोकरी सोडावी एवढी माझी ऐपत नाही. पण डिजिटायझिंगला ती माझ्याशेजारी बसते. माउसला हात लावत नाही, पडद्यावर बोट ठेवून सांगते, "इथं टाका वळवा, पीस असं पडत नाही." मोराची किंमत आम्ही वाढवली. ज्यांना नुसता मशिनचा हवा त्यांना तो कमी दरात देतो, आणि तो कोणता आहे हे बिलावर लिहितो. केळगावच्या ताईलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "माझ्या क्लासला आता अकरा मुली आहेत, मला वेळ नाही." बरं वाटलं. चऱ्होलीचीनं फोन उचलला नाही.

परवा पुतणी लॅपटॉप घेऊन आली. तिला शेवटच्या वर्षाच्या कामासाठी नऊवारीच घ्यायची आहे, पण कॉम्प्युटरवर. त्यांच्याकडे असा प्रोग्रॅम असतो की कापडाचं वजन, जाडी, ताण आकड्यांत भरले की पडद्यावरच्या बाहुलीच्या अंगावर ते कापड खऱ्यासारखं पडतं. कापड न कापता आधीच कळतं, झोळ कुठं येतो ते. कुर्ता, फ्रॉक पटकन होतात. नऊवारी मात्र चार दिवस झाले तरी जमत नव्हती. शिवण नाही, कापलेला तुकडा नाही. आठ मीटरहून लांब एकच पट्टा, त्याची गाठ, निऱ्या, काष्टा. कॉम्प्युटर गोंधळून जायचा. जपानच्या इसे मियाके यांनी १९९८ च्या सुमाराला एका अखंड कापडातून आख्खा पोशाख काढायची पद्धत शोधली आणि जगानं तिचं केवढं कौतुक केलं. पुतणी म्हणाली, "आजी तर रोज तेच करते!"

म्हणून सासूबाईंना समोर बसवलं. ब्याऐंशी वय. गाठ कुठं, किती हात सोडायचं, निऱ्या किती, ओचा कुठं खोचायचा, त्या एकेक सांगत होत्या आणि पुतणी टेपनं मोजून आकडे भरत होती. "किती बोटं आजी?" "बोटं कसली मोजायची, हाताला कळतं." शेवटी उठून त्यांनी स्वतःच्याच लुगड्याचा काष्टा सोडून पुन्हा घातला, हळू, तीनदा. पुतणीनं तो मोबाइलवर टिपला. सातव्या की आठव्या प्रयत्नाला पडद्यावरच्या बाहुलीनं नऊवारी नेसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. धानोऱ्याची वहिनीही सुई खाली ठेवून बघायला आली.

सासूबाईंनी चष्मा पुसला, लॅपटॉपजवळ गेल्या. "बरी नेसलीय. चालते का ती?"

"चालते ना आजी," पुतणीनं बटण दाबलं. बाहुली दोन पावलं चालली आणि तिसऱ्या पावलाला काष्टा तिच्या गुडघ्यातून आरपार गेला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "पायात आला. सैल सोडायचा असतो तिथं चार बोटं. पुन्हा नेसव तिला, आणि या वेळी आधी खाली बसवून बघ. नवरीला पाटावर बसायचं असतं."